अकरा काड्या

अण्णांच्या घरी येऊन नर्सरीवालीनं कुंडी आडवी केली, बुडावर दोन थापट्या मारल्या आणि लिलीचं झाड मातीसकट बाहेर काढलं. मुळं तपकिरी पडली होती.

"मुळं जळलीत, काका," ती म्हणाली. "मातीवर हा पांढरा थर दिसतोय ना, तो खताचा क्षार. पानांची टोकंही त्यानंच करपलीत. खत कितीदा घालता?"

"महिन्यातून एकदा. तांब्याभर पाण्यात अर्धा चमचा. तेही आधी माती ओली करून."

अण्णांनी हे पाठ असल्यासारखं सांगितलं. चाळीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे काढले होते, मापातली चूक त्यांना खपत नसे. खत घातलं की आइस्क्रीमच्या काडीवर हिरव्या पेन्सिलीनं तारीख लिहायची आणि काडी मातीत खोचायची, हा त्यांचा नियम.

नर्सरीवालीनं मातीतून काड्या वेचल्या. अकरा निघाल्या, आणि सगळ्या याच महिन्यातल्या.

अण्णांनी आवाज खाली आणला. "आमची ही विसरते हो हल्ली. माझं बघून घालत असणार. अक्षरही हुबेहूब माझ्यासारखं काढते. नकाशांवर आकडे लिहायला तीच बसायची ना माझ्याबरोबर."

माई चहाचे कप घेऊन दारातच उभी होती. तिनं ऐकलं.

"घालत असेन मीच," असं म्हणून तिनं कप टेबलावर ठेवले.

"अति तिथे माती, काकू," नर्सरीवाली हसली. "इथे तर मातीचीसुद्धा माती झाली. मी नवी घालून देते. दोन महिने नुसतं पाणी द्या. आणि तो खताचा डबा स्वयंपाकघरात नको हं, साखरेसारखंच दिसतं ते."

अण्णांनी डबा त्याच दिवशी माळ्यावर टाकला. त्यांना पक्कं आठवत होतं.

माईचं मात्र दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं. रोज सकाळी ती विचारायची, "अहो, आज वार कोणता?" अण्णा न कंटाळता सांगायचे. कधीकधी तिला तेही पटत नसे. "नीट आठवून सांगा," म्हणायची. काडेपेटी एकदा तिच्या साड्यांच्या घडीत सापडली. बाथरूमच्या दारावर तिनं मोठ्या अक्षरात 'बाथरूम' लिहून चिकटवलं. दुपारभर ती काहीतरी शिवत बसे आणि ते आले की पदराखाली घेई. काय ते त्यांनी विचारलं नाही. बिचारीला सुईत दोरा ओवायला जमत नसेल, लाज वाटत असेल, असं त्यांना वाटलं.

रविवारी लेक आली, पाच वर्षांच्या नातीला घेऊन. माईनं नातीसाठी दूध गरम केलं, साखरेचा डबा उघडला आणि हात तसाच थांबला. तिनं डबा नाकाशी नेला. मग सगळा डबा कागदात उपडा करून बांधून ठेवला. साखरेत अर्धं खत होतं.

"माझंच चुकलं," माई म्हणाली.

नात अंगणात खेळायला गेली. लेक अण्णांसमोर बसली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"अण्णा, आता घरी निभायचं नाही. मी एक जागा बघून ठेवलीय. माणसं चांगली आहेत, बाग आहे, चोवीस तास नर्स असते."

अण्णांनी अंगणात खेळणाऱ्या नातीकडे बघितलं. शेहेचाळीस वर्षांचा संसार. तिच्याशिवाय घर त्यांना खायला उठणार होतं. पण आज नातीच्या पोटात ते दूध गेलं असतं तर?

"ठेवू या तिला तिथं," ते शेवटी म्हणाले. "माझ्या जिवाचं काय व्हायचं ते होवो."

लेकीनं दचकून आईकडे बघितलं. माईनं हलकेच मान हलवली.

त्या दिवसापासून अण्णा माईशी फार जपून वागू लागले. एकदा तर तिची वेणीसुद्धा त्यांनी घालायला घेतली. "अहो, नकाशा नाहीये तो," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. त्यांनाही आवरलं नाही. बॅग तिची तिनं भरली, त्यांना हात लावू दिला नाही.

निघायच्या दिवशी गाडीत अण्णांनी लिलीची कुंडी मांडीवर घेतली. नव्या मातीत झाडानं एक कोवळं पान काढलं होतं. तेवढीच तिला सोबत, असा त्यांचा विचार.

खोली लहानशी होती. एक पलंग, एक कपाट, बागेकडे उघडणारी खिडकी. अण्णांनी कुंडी खिडकीत ठेवली आणि ऊन कुठून येतं ते बघून जरा डावीकडे सरकवली. लेक दाराशी पाठमोरी उभी होती.

"महिन्यातून एकदाच हं," त्यांनी माईला समजावलं. "अर्धा चमचा. आणि काडी खोचायला विसरू नकोस. मी दर रविवारी येईन."

"हो," माई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती.

"रडू नकोस अगं. थांब, तुझ्या साड्या लावून देतो कपाटात."

त्यांनी बॅग पलंगावर घेऊन उघडली. आत त्यांचे शर्ट होते, नीट इस्त्री करून घड्या घातलेले, आणि प्रत्येकाच्या कॉलरवर माईनं लाल दोऱ्यानं त्यांचं नाव शिवलं होतं.