रिकाम्या कोठडीचं दार

ब्रिजटाऊनच्या धक्क्यावर तो दारुडा प्रवासी पोलिसांच्या ताब्यात गेला, तेव्हा कुठे ऑल्स्टनला हुश्श झालं. जहाजाच्या तळाशी कोठडीवर पहारा द्यायचा आणि शिवाय त्याच्या शिव्या ऐकायच्या, यात तो पार पिचून गेला होता. रिकामी कोठडी धुऊन त्याने कुलूप लावलं, आणि आतून टकटक झाली.

अंगठीची टकटक. कॅप्टन अशीच दारं वाजवायचे, अगदी कैद्याचंसुद्धा. कुणाला कोंडायचं आणि कधी सोडायचं, हे जहाजावर त्यांच्याच शब्दावर चालायचं.

ऑल्स्टनने झरोक्यातून पाहिलं. धुतलेला बाक, ओली फरशी, माणूस नाही. टकटक मात्र चालूच.

त्याने कंटाळून वर फोन लावला.

"कॅप्टन, तुम्ही वरच आहात ना?"

"नाही, पोहायला गेलोय. बोल."

"रिकाम्या कोठडीतून कुणीतरी दार वाजवतंय. तुमच्यासारखंच."

फोनवरून कॅप्टनचा थकलेला आवाज आला, "दार उघड, ऑल्स्टन. माझा हुकूम आहे."

त्याने कुलपात किल्ली घातली. तेवढ्यात दाराआडून तोच थकलेला आवाज म्हणाला, "थांब, ऑल्स्टन. हुकूम कोण देतंय?"