नारिंगी डोकी

ओढ्यातल्या दोन दगडांच्या फटीत तिचा पाय गच्च बसला होता आणि हातात नवऱ्यासाठी नुकतीच ओढ्यातून भरलेली बाटली होती. धुक्यात चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. तिने हाका मारून पाहिल्या. चारचौघांत नवऱ्याला नावाने हाक मारायची तिला सवय नव्हती, म्हणून 'अहो' म्हणूनच ओरडली. आता डोंगरात 'अहो' म्हटल्यावर ओ द्यायची कुणी? कुणीच दिली नाही.

तशी घाबरायची गरज नव्हती. सहल काढणाऱ्या बाई शाळेत खेळ शिकवायच्या. पोरांना फिरायला नेऊन नेऊन त्यांना डोकी मोजायची सवयच लागली होती. सकाळी बसमधून उतरल्यावर त्यांनी प्रत्येकाला एकेक नारिंगी स्कार्फ दिला होता, नळीसारखा शिवलेला, ताणेल तसा ताणणारा. हा डोक्याला घाला, म्हणाल्या, धुकं पडलं तर मी नारिंगी डोकीच मोजणार. वर खिंडीत थांबून मोजणी व्हायची होती. एक डोकं कमी भरलं की बाई मागे फिरणार, हे ठरलेलं.

तिने डोक्याला हात लावला. डोकं उघडं होतं.

स्कार्फ नवऱ्याने घेतला होता. स्कार्फसोबत आलेला माहितीचा कागद त्याने वाटेत सगळ्यांना वाचून दाखवला होता. एवढंसं कापड, पण टोपी होते, कानपट्टी होते, नाकावर ओढलं की धूळ अडते, ओलं करून मानेला गुंडाळलं की उन्हाचा त्रास नाही, वेळ पडली तर पाणीही गाळता येतं. हे सगळं त्याने करून दाखवलं, तिच्याच डोक्यावर. एका वस्तूचे दहा उपयोग करायचा त्याला भारी सोस. घरातलं स्टूल तो शिडी म्हणून वापरायचा, टेबल म्हणूनही, आणि बायकोचं तर विचारूच नका. मग पाठीवरच्या पिशवीला उभी बांधलेली चटई धुक्याने ओली व्हायला लागली, तेव्हा त्याने तिचा स्कार्फ काढून गुंडाळीच्या टोकावर चढवला. तुझे केस दाट आहेत, म्हणाला. चटई त्याच्या खांद्यामागे चांगली डोक्याइतकी वर आली होती.

म्हणजे धुक्यात तिचं डोकं दिसणार होतं. मोजणी बरोबर भरणार होती.

मग तिला बाटलीची आठवण झाली आणि जरा धीर आला. पाणी आपल्याकडे आहे. तहान लागली की ह्यांना आपली आठवण येणारच. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याच्या तहानेचा अंदाज कधी चुकू दिला नव्हता.

ती वाट बघत राहिली. पाय आधी गारठला, मग बधिर झाला. उजेड मंदावला. खाली सडकेवर बस उभी होती, फार लांबही नव्हती, पण ओढ्याच्या आवाजात हाक तिथवर पोचत नव्हती. वरून कुणी येत नव्हतं. दुसऱ्या कुणी पाणी दिलं असेल त्यांना, असं मनात आलं आणि तिला रडूच फुटलं. इतकं सोपं होतं तर. कुणीही देऊ शकत होतं.

रडून रडून तिचाच घसा कोरडा पडला. तिने बाटली उघडली आणि घटाघट प्यायली. मग पहिल्यांदा तिने वाटेकडे बघायचं सोडून खाली बघितलं. पाय अडकलाच नव्हता. अडकला होता तो बूट.

नाडीची गाठ नवऱ्याने मारली होती. तुला गाठ धड मारता येत नाही, म्हणून सकाळी त्यानेच दुहेरी आवळली होती. भिजल्यावर ती दगडासारखी झाली होती. बोटांनी सुटेना, तेव्हा तिने केसांतली पिन काढली आणि कोरत बसली. कितीतरी वेळाने गाठ सैल पडली. तिने जोर लावून पाय ओढला आणि बूट ओढ्याला देऊन टाकला.

ती काठावर पाय चोळत बसली असताना खेळाच्या बाई टॉर्च घेऊन धावत आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. खिंडीत मोजणी बरोबर भरली होती. पुढे रात्रीच्या मुक्कामाच्या तंबूंपाशी पोचल्यावर चहा वाटताना त्यांनी काकांच्या मागच्या नारिंगी डोक्यापुढे कप धरला, तर ती चटई निघाली. काका वाटभर मागे न बघता बोलत होते, म्हणून कुणाला शंकाच आली नाही.

"काय बोलत होते?" तिने विचारलं.

"स्कार्फचे उपयोग सांगत होते, काकू." बाई अडखळल्या. "तुम्ही कुठे आहात विचारलं, तर म्हणाले, होती की मागेच. आज मधे एकदाही बोलली नाही, मला वाटलं पटलं असेल तिला."

नवरा का आला नाही, हे तिने विचारलं नाही. बाईंनी आपण होऊनच सांगितलं. येईल ती, वाट एकच आहे, असं म्हणाला होता तो.

बाईंनी स्वतःचा स्कार्फ काढून तिच्या अनवाणी पायावर मोज्यासारखा चढवला आणि पुढे गाठ मारली. ती उठून उभी राहिली. बस रिकामी परत शहरात जाणार होती, आज रात्रीच. तिच्या बहिणीच्या घरावरूनच बसचा रस्ता. बसपर्यंत सोडा मला, ती म्हणाली. बाईंनी एकदा वर बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि टॉर्च खालच्या उताराकडे वळवला. मग आठवण होऊन त्यांनी खिशातून तिचा स्कार्फ काढला. डोक्याला घाला, गारठा आहे, म्हणाल्या.

तिने तो हातात घेतला, नीट घडी घातली आणि बाईंच्या हातात परत ठेवला.

"हा चटईलाच घाला परत," ती म्हणाली. "ह्यांचं तिच्याशी छान जमतंय."