पॅरिसमधलं पावाचं दुकान

"बोल की गं काहीतरी!" कर्णिक मॅडमनी हेडफोन लावून बसलेल्या आसावरीला पुन्हा हलवलं. पडद्यावरच्या आभासी पॅरिसमध्ये तिची बाहुली पावाच्या दुकानासमोरच्या रांगेत खांबासारखी उभी होती. पलीकडे खऱ्या फ्रान्समधल्या शाळेची मुलं चिवचिवत होती आणि इथे साताऱ्याच्या आठवी 'ब'च्या तोंडाला कुलूप. अख्खं वर्ष फ्रेंच शिकवून मॅडमनी घसा कोरडा केला होता. मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले, "मॅडम, मुलं बोलणार नसतील, तर हा खेळ आजच बंद करू."

तेवढ्यात एका फ्रेंच मुलाची बाहुली आसावरीच्या बाहुलीला ढकलून पुढे घुसली.

आसावरी ताडकन उठली. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये ती कडाडली, "मी आधी आले! मागे हो! रांग आहे!" तो मुलगाही उसळला. दोघांची चांगलीच जुंपली.

"अहो, भांडतेय ती! बंद करा!" मुख्याध्यापक ओरडले.

मॅडम झटकन वाकल्या. माइकच्या बटणापर्यंत गेलेला त्यांचा हात मात्र तिथेच थांबला. वैतागून त्या आसावरीच्या कानाशी खेकसल्या, "अगं, रांगेच्या आधी 'ल' नव्हे, 'ला' म्हण! फ्रेंचमध्येही रांग स्त्रीलिंगीच असते. आणि जागा सोडू नकोस!"