देपालपूरमार्गे देवास

'कार्ड मिळाले नाही' अशी पाटी स्क्रीनवर पुन्हा आली, तशी विद्युल्लतेनं डाव्या हातानं माउस बाजूला सारला. उजवं मनगट परवापासून वळत नव्हतं.

धारला तिच्या नवऱ्याच्या, मयुरेशच्या भाड्याच्या गाड्या होत्या. झाबुआकडच्या डोंगरात मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून त्यानं गाड्यांत जुनी जीपीएस यंत्रं ठेवली होती. लॅपटॉपवर रस्ता आखायचा, मेमरी कार्डावर उतरवायचा आणि कार्ड यंत्रात घालायचं. लग्नानंतर हे काम तिच्याकडे आलं. इंटरनेट मात्र त्यानं तोडून टाकलं होतं. दिवाळीत तिचा मोबाइलही काढून घेतला.

आज तो लग्नाचं भाडं घेऊन खातेगावला गेला होता, उद्या परतणार होता. अंगणात जुनी गाडी उभी होती, तिची चावी खिळ्याला टांगलेली. गाडी चालवायला ती वडिलांकडे, देवासला शिकली होती. पण इंदूरच्या हमरस्त्यावर टोलनाक्यापासून ढाब्यापर्यंत सगळे मयुरेशला ओळखत. देपालपूरवरून, गावागावांतून जायचं तर रस्ता तिला ठाऊक नव्हता.

सासूबाई दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. मुलगा बाहेरगावी गेला की फाटकाच्या कुलुपाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. दुपारी त्यांचा डोळा लागला की ती किल्ली काढायची, एवढंच विद्युल्लतेनं ठरवलं होतं.

"काय दिक्कत आहे, सूनबाई?"

"कार्ड घेत नाहीये, आई."

"कुठल्या गाडीचं?"

"अंगणातल्या."

"ती तर कोणी नेत नाही."

"म्हणूनच. नुसतं पडून राहिलं तर खराब होतं."

सासूबाईंनी मान हलवली. "पेट्रोल आहे का तिच्यात? की तेही उडून गेलं?"

"आहे थोडं," विद्युल्लता म्हणाली.

तिनं कार्ड बाहेर काढलं. कडेची, कार्डावर काही उतरू न देणारी बारीक खिटी लागली तर नाही ना, ते पाहिलं. सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या. दुसऱ्या खाचेत घालून पाहिलं. लॅपटॉपला कार्ड दिसत होतं, आतल्या फाइलीही उघडत होत्या. फक्त रस्ते आखणारं सॉफ्टवेअर त्याला ओळखच देत नव्हतं.

फोन वाजला. सासूबाईंनी आपला मोबाइल उचलला.

"हो रे. इथंच आहे, माझ्यासमोर... तुझ्या गाड्यांचंच काम करतेय... आज? बरं, बरं."

फोन ठेवून त्यांनी पुढची पाकळी उचलली. "आजच येतोय म्हणे. संध्याकाळी."

आता दुपारच्या झोपेची वाट पाहण्याइतकीही सवड नव्हती, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत आज झोपेचं नाव नव्हतं. तिनं डोकं शांत ठेवायचा प्रयत्न केला. लॅपटॉप जोडलेल्या प्रत्येक वस्तूला एक इंग्रजी अक्षर देतो. मयुरेशनं मध्यंतरी जोडलेल्या कसल्याशा डिस्कनं कार्डाचं आधीचं अक्षर अडवलं होतं, आणि सॉफ्टवेअर बिचारं जुन्याच अक्षरापाशी कार्ड शोधत होतं. तिनं डिस्कचं अक्षर बदललं, ते कार्डाला दिलं आणि सॉफ्टवेअर पुन्हा उघडलं.

कार्ड दिसलं.

धारपासून देवासपर्यंत एक निळी रेघ उमटली. इंदूरला वळसा घालून, देपालपूरवरून. कार्डावर उतरवायचं बटण समोर होतं. ती ते दाबणार, तोच मागं पाट सरकल्याचा आवाज झाला.

सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी पदरानं हात पुसले, दाराला आतून कडी घातली आणि तिच्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. विद्युल्लतेनं स्क्रीन मिटायला हात उचलला.

"राहू दे. मला वाचता येतं."

कडी आतून, कुलूप बाहेर, आणि मध्ये ही बाई. मनगटातली कळ पार खांद्यापर्यंत गेली. संध्याकाळी काय होणार, ते तिला आत्ताच दिसत होतं.

सासूबाईंनी वाकून ती रेघ टोकापर्यंत पाहिली. देवासवर बोट टेकवलं.

"हे नको. माहेरीच तो सगळ्यात आधी येईल. याचा बाप आला होता मला ओढून न्यायला. दोन्ही वेळा."

विद्युल्लतेनं उचललेला हात खाली घेतला.

"डही गाव टाक, पार उलट्या दिशेचं. तिथं जानकी आहे, माझी शाळेतली मैत्रीण. मयुरेशला तिचं नावसुद्धा ठाऊक नाही. आणि हे बघ, पुढं मी बसेन. मागं बसलं की मला मळमळतं."