बाबांच्या आवडीचं

"अळूवडी मधोमध. बाकी काय ते कडेला लावा," माधवी म्हणाली, आणि केळीच्या पानावर तिने दोन वड्या ठेवल्यासुद्धा.

"कडेला? अहो वहिनी, बाबांचा जीव पातोळ्यांत होता!" शलाका अंबरनाथहून सकाळीच डबा घेऊन माहेरी आली होती. लेकच ती, ऐकतेय कशाला! तिने वड्या सरकवल्या आणि हळदीच्या पानात वाफवलेली गोड पातोळी टेकवली.

"सॉरी हां, पण बाबा दाल पकवानवर फिदा होते," धाकटी सून भाविका म्हणाली. तिचं लहानपण उल्हासनगरात सिंधी शेजाऱ्यांत गेलेलं. तिच्या पकवानाची कुरकुरीत पुरी एवढी मोठी, की वड्या आणि पातोळी दोन्ही त्याखाली गडप.

चामटोलीच्या घरात आज पित्रं होती. रघुबाबा मागच्या श्रावणात गेले, एक्याण्णव वर्षांचे होऊन, दोन वाट्या खीर खाऊन, समाधानाची ढेकर देऊन. त्यांच्या नावाचं हे पहिलंच पान. या घरची रीत अशी, की वरणभात, वडे, खीर सगळ्याच पित्रांना, पण पानाच्या मधोमध गेलेल्याच्या खास आवडीचं एकच. ते चुकलं तर कावळा शिवत नाही, आणि कावळा शिवेपर्यंत घरात कुणी घास घेत नाही. साडेबारा वाजून गेले होते.

माणूसही कसला, नमुना! पुरात उल्हास नदी पोहून शेजाऱ्याची म्हैस ओढून आणली. एमआयडीसीत तीस वर्षं पहिली पाळी केली, एक दिवस उशीर नाही. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी नातवाच्या हळदीत बेंजोपुढे नाचले आणि दुसऱ्या दिवशी कमरेला शेक घेत विचारत होते, "आता कुनाची हळद हाय?" असा माणूस अळूवडीवर भागवेल की पातोळीवर, हे कोण ठरवणार?

माधवी ठरवणार होती. तिच्याकडे पुरावा होता.

लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूने, कौसाबाईने, चूल तिच्या हवाली केली आणि स्वतः बाजूला झाली. कौसाबाईच्या हाताची चव अख्ख्या गावात गाजलेली. माधवीला वाटलं, ही आपली परीक्षा आहे, नापास करायलाच घेतलेली. आठव्या दिवशी अळूवड्या करपल्या आणि तिने बॅग भरली. तेव्हा सासरे त्याच करपलेल्या वड्या खात तिच्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "कुनाला सांगू नको पोरी, पन अशी चव या घरात आजवर नव्हती." तिने बॅग रिकामी केली. त्या एका वाक्यावर तिने सव्वीस वर्षं काढली होती.

"मला बाबांनी स्वतः सांगितलंय," ती आता म्हणाली. "कुणाला सांगू नको, पण..."

"पण?" शलाकाचे डोळे मोठे झाले. "अशी चव या घरात..."

"...आजवर नव्हती!" भाविकाने पुरं केलं.

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या सगुणाबाई जवळ्याची चटणी घेऊन दारात. "बाबांच्या पानावर ठेवा गं एवढी. कुनाला बोलू नका हां, पन ते मला नेहमी सांगायचे..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. शलाका हसता हसता जमिनीवर बसली. भाविकाला उचकी लागली. सगुणाबाईंना काही कळेना, तरी त्याही हसायला लागल्या, कारण सगळे हसतायत म्हटल्यावर मागे कशाला राहायचं! माधवीचा नवरा अनंता भुकेने वैतागलेला. त्याने वड्या, पातोळी, पकवान, जवळा सगळं मधोमध रचलं आणि पान घेऊन गच्चीवर गेला. पान टेकतंय न टेकतंय तोच कावळा हजर! एक नाही, तीन! "शिवला, शिवला! जेवायला वाढा!" अनंता वरूनच ओरडला आणि खाली पुन्हा हसण्याचा धुरळा उडाला.

हसत माधवीही होती. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. ती उठली आणि ओटीवर एकट्या बसलेल्या कौसाबाईजवळ गेली.

"आई, खरं सांगा. बाबांनी मला फसवलं ना? सगळ्यांना तेच सांगत सुटले होते."

पंच्याऐंशी वर्षांच्या कौसाबाईने सुनेकडे बघितलं.

"फसवंल कशाला? खराच बोलला तो."

"चौघींनाही एकच?"

"मग! चौघींचा सैंपाक त्याच्यापरीस बरा, असाच वाटायचा त्याला."

"कुणाच्या?"

"त्याच्या. तुझ्या सासऱ्याच्या." कौसाबाईने आत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "मी अंधारातच भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघायची. तो दार लोटून दोन वेळचा रांधायचा, झाकून ठेवायचा नि पाळीला जायचा. पोरांना पत्ता नाय. पाव्हना जेवला का बोलायचा, वा कौसाबाई, काय हात हाय तुझा! मी मान हलवायची. तो गप खाली बघून जेवायचा. पुरी तीस वर्सं त्याला कुनी चांगला बोलला नाय. मी पन नाय."

माधवी तिच्या शेजारी टेकली. "पण मग मी आले त्याच दिवशी तुम्ही चूल का सोडलीत?"

"सून घरात असताना सासरा चुलीशी कसा बसंल गं?" कौसाबाई म्हणाली. "नि मला तर बाय, अजून भात पन शिजवता येत नाय."