जहाजवाल्यांचा काटा

“टोबू काय मंग सरकी, साहेब?” डोमाजीनं ओसरीच्या पायरीवरूनच विचारलं. त्याच्या पिशवीत पेरायला काढलेली कपाशीच्या बियाण्याची चार पाकिटं होती. मिरगातली पेरणी मातीतच भाजून गेली होती. तीही याच पायरीवर विचारून झाली होती. ही दुसरी. तिसरीसाठी घरात पाकीट नव्हतं.

कमांडर अनंत दंडिगे सवयीनं भिंतीकडे वळले. भिंतीवर नुसता खिळा होता. खिळ्यावरचं हवामानाचं यंत्र नुकतंच त्यांच्या मुलीच्या, ऋचाच्या मांडीवर आलं होतं.

दंडिगे हे बोरी अरबमधलं नौदलाचं घराणं. समुद्र इथून सातशेएक किलोमीटर. गावच्या नदीतून मे महिन्यात सायकल जाते. तरी पणजोबांपासून घरातला एक तरी माणूस जहाजावर गेलाच. जो जाईल त्यानं पणजोबांची एक वस्तू न्यायची, अशी घरची रीत. तलवार पुण्याच्या काकांकडे गेली; तिनं आता केक कापतात. जहाजाची घंटा नागपूरच्या आत्याकडे दाराला लागली, दूधवाला वाजवतो. उरलं होतं हवेचा दाब सांगणारं हे पितळी यंत्र. त्याचा काटा ‘कोरडं’, ‘बदल’, ‘पाऊस’, ‘वादळ’ अशा इंग्रजी अक्षरांवरून फिरतो. ऋचा लेफ्टनंट होऊन पहिल्या सुटीवर आली होती. यंत्र आता तिचं होतं.

त्याचा नियम एकच. दर रविवारी पुसायचं. काट्याला हात लावायचा नाही. पणजोबांनी तो मुंबईच्या गोदीत स्वतः लावलेला होता. अनंतरावांनी नियम मोडला नाही. नौदलात त्यांनी सव्वीस वर्षं भांडार सांभाळलं. आभाळाशी काम पडलं नाही.

निवृत्तीनंतर मात्र पडलं. दर जूनमध्ये गाव ओसरीवर यायचं. अनंतराव इस्त्रीचा शर्ट घालून काट्यापुढे उभे राहायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, “पाऊस आहे.” लोक हात जोडून शेतात जायचे. कपाशीनं वर्षामागून वर्ष दगा दिला. कृषी खातं चुकलं, टीव्ही चुकला, बियाण्याचे एजंट तर चुकण्यासाठीच यायचे. ओसरीवरची गर्दी मात्र हटली नाही. अनंतराव जुन्या सहकाऱ्यांना फोनवर सांगत, “अख्खं गाव माझ्या शब्दावर पेरतं.” निवृत्त माणसाला यापेक्षा जास्त काय लागतं?

ऋचानं यंत्र उलटं केलं. मागचा स्क्रू बघितला. पुन्हा सुलटं केलं.

“बाबा, हा काटा समुद्रसपाटीला लावलाय.”

“मग? नौदलाचा आहे तो.”

“आपलं गाव समुद्रापासून हजार फूट वर आहे. उंचावर दाब कमीच असतो. तेवढा स्क्रू फिरवून घ्यावा लागतो. नाहीतर काटा बारा महिने पावसाच्या आसपासच राहणार.”

अनंतरावांना एप्रिल आठवला. एप्रिलच्या रविवारी पुसतानाही काटा पावसावर असायचा. तेव्हा ते मनाशी म्हणत, कुठेतरी पडत असेल.

निवृत्तीला एकवीस पावसाळे झाले होते. किती जणांना आपण ‘पाऊस आहे’ म्हणालो, याचा त्यांना अंदाज करवेना. घरात नौदलाचे तीन फोटो होते. तिन्ही त्यांच्याकडे बघत होते. निदान त्यांना तसं वाटलं. मग त्यांनी आयुष्यातला पहिला धाडसी निर्णय घेतला.

“डोमाजी, ऐकलंत ना? चूक आमची आहे. यंत्र खोटं बोलत होतं आणि मीही. आज पेरू नका. ऋचा, स्क्रू फिरव. मी गावाला सांगतो. हात जोडून सांगतो.”

डोमाजी पायरीवरून ताडकन उठला.

“नोका फिरवू, ताई!”

“अहो काका, चुकीचं दाखवतंय ते.”

“मले ठाव हाये. साऱ्या गावाले ठाव हाये. वीस साल झाले पाहून राह्यलो, थो काटा काही पावसावरून उठत नाही. आमी का आंधळे हावो?”

अनंतराव डोमाजीकडे वळले. “मग दरवर्षी विचारायला कशाला येता?”

डोमाजीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. असं काही साहेबाला तोंडावर सांगायचं म्हणजे त्यालाही अवघडच वाटलं.

“दोन सालाखाली तुमी जूनात विशाखापट्टणले गेलते. घराले कुलूप. मंग मी आपल्या मनानं टोबलं. गेलं वाया. बायको रुखमा दिवाळीपावतर बोलली नाही माह्यासंग. पोरगा मनला, तुमाले शेतातलं काय समजते, अन् गेला पुसदले निंघून. अजून आला नाही.”

तो थांबला. मग समजूत घातल्यासारखं म्हणाला,

“तुमच्या काट्यावर टोबलं, अन् गेलं, तं घरोघरी शिव्या तुमाले पडतात, साहेब. मानसाले आपल्या घरात बसून जेवता येते.”