आईची चिप, बाबांची चिप

"तुझ्या घरात कुणाची चिप जास्त फास्ट, आईची की बाबांची? हिंमत असेल तर जेवताना विचार!" मैत्रिणींनी असं चिथवल्यावर आश्लेषा कसली गप्प बसतेय! वरणभात कालवता कालवता तिनं विचारलंच.

"माझी!" दोघं एकदमच म्हणाले.

दोघांची कंपनी एकच, पण कॉम्प्युटरचे प्रोसेसर डिझाइन करणाऱ्या टीम दोन. एका पिढीचा प्रोसेसर आईच्या टीमचा, तर पुढच्या पिढीचा बाबांच्या.

"एकेका पिढीला चार-पाच वर्षं लागतात गं," बाबा रंगात आले. "म्हणून आलटून पालटून. हिची चिप बाजारात येते, तेव्हा माझी अर्धी झालेली असते. काम कधी थांबतच नाही!"

"आणि ह्यांच्या टीमचे घोळ आम्ही निस्तरतो," आईनं टोमणा हाणलाच.

आश्लेषाचा घास मात्र हातातच राहिला. केप कॉडचा समुद्र त्यांच्या अमेरिकेतल्या श्रूजबरी गावापासून गाडीनं जेमतेम दोन तासांवर. "आईची चिप झाली की जाऊ," "बाबांची झाली की नक्की," हे ती दुसरीत असल्यापासून ऐकत आली होती, आणि आता अकरावीत होती. म्हणजे या घरात दोघंही एकदम मोकळे असे कधी सापडणारच नव्हते!

 

"आई, बाबा, आज माझं लायसन्स आलंय," तिनं जाहीर केलं. "शनिवारी समुद्रावर जायचंय आणि गाडी मी चालवणार. तुम्ही दोघं मागे बसा, लॅपटॉप घरी राहतील."